मी अध्यक्षांना पाडायला निघाले

दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष सलग सहा वर्षं अध्यक्ष होते. त्यांच्याविरुद्ध उभं राहायची अवदसा मला आठवली, ती माझ्या मुलीच्या नाचावरून.

संक्रांतीचा कार्यक्रम होता. निमंत्रणात संध्याकाळचे पाच लिहिले होते. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिला नऊवारी नेसवून, नाकाला नथ चिकटवून मी अल वक्राहून निघाले आणि पावणेपाचला हॉलवर हजर झाले. तिथे खुर्च्या मांडणारे दोन कार्यकर्ते होते आणि "हॅलो, हॅलो, चेक" म्हणत माइकशी बोलणारे अध्यक्ष. कार्यक्रम सव्वासहाला सुरू झाला. मग अध्यक्षांचं प्रास्ताविक. ते एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहेत, त्यामुळे तिळगुळापासून सुरू झालेलं त्यांचं भाषण गावच्या जत्रेवरून कॉम्प्रेसरपर्यंत जातंच. त्या दिवशीही गेलं. मुलीचं नाव पुकारलं तेव्हा ती माझ्या मांडीवर नथीसकट घोरत होती.

घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "असाच कारभार चालणार असेल तर याहून बरा मी एकटी करून दाखवीन."

मला वाटलं होतं भांडण होईल. अध्यक्षांनी शाबासकीचा अंगठा टाकला आणि खाली लिहिलं, "उत्तम विचार, ताई. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. फॉर्म पाठवू का?" दोन मिनिटांत फॉर्म आलासुद्धा. एखादी गोष्ट त्यांनी इतक्या तातडीने केल्याचं मंडळाच्या इतिहासात ते एकमेव उदाहरण असावं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. मागे घे."

पण शब्द मागे घेण्यातली मी नव्हे. नाशिकला मी बँकेत अधिकारी होते. इथे आल्यापासून घर, मुलीची शाळा आणि नवऱ्याच्या शिफ्टचं वेळापत्रक यांपलीकडे मला चालवायला काही मिळालं नव्हतं. मी फॉर्म भरला आणि जाहीरनामा लिहायला बसले. पहिला मुद्दा ठळक अक्षरांत: "प्रत्येक कार्यक्रम दिलेल्या वेळेला सुरू होईल." दुसरा: "कोणतंही भाषण पाच मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही." तिसरा, जेवणाच्या रांगेसाठी टोकन. वाचून मला स्वतःचाच अभिमान वाटला. अशा उमेदवाराला कोण मत देणार नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडची बाई हळू आवाजात बोलत होती.

"ताई, मी अध्यक्षांची बायको. तुम्ही उभ्या राहिलात, फार बरं वाटलं. पाडा हो यांना."

मी खुर्चीत नीट बसले. "वहिनी, काय म्हणताय?"

"खरंच सांगते. सहा वर्षांत एक शुक्रवार आमचा नाही. कुणाचा पासपोर्ट हरवला, कुणाचं पोरगं शाळेत घेत नाहीत, कुणाला झांजा हव्यात. परवा आम्ही दोघं कॉर्निशवर फिरायला गेलो, तर तिथे बाकावर बसून हे तासभर कुणाचा तरी फॉर्म फोनवरून भरून देत होते. मी एकटीच समुद्र बघितला. तुम्ही लिहून घ्या, यांच्यावर कोण कोण नाराज आहे ते मी सांगते."

आणि त्यांनी खरोखरच अकरा नावं सांगितली, प्रत्येकाच्या नाराजीच्या कारणासकट. विरोधी उमेदवाराला याहून मोठी मदत कुठल्या देशात मिळाली असेल असं मला वाटत नाही.

यादीतली पहिली नावं होती एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चार तंत्रज्ञांची. चौघेही कोल्हापूरकडचे. गणपतीत अध्यक्षांनी त्यांच्याकडून साउंड सिस्टिमचे खोके तीन जिने चढवून घेतले होते आणि वर गेल्यावर म्हणाले होते, "अरे, कार्यक्रम तर खालच्या हॉलमध्ये आहे." म्हणजे ही चार मतं माझ्या खिशातच होती. मी गेले तेव्हा त्यांनी पोहे केले, वर खोबरं घातलं, बसायला एकुलती एक खुर्ची मला दिली आणि स्वतः गाद्यांवर बसले. तासभर अध्यक्षांना मनसोक्त शिव्या घातल्या. मी जाहीरनामा वाचून दाखवला. चौघांनी माना डोलावल्या.

"मग मत मला ना?" मी विचारलं.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांतला वयाने मोठा होता तो म्हणाला, "वैनी, राग मानू नगा. तुमी लई भारी बोलता. पर मत त्यास्नीच."

"अहो, आत्ता तर तुम्ही..."

"त्येच की. त्यास्नी आमी तोंडावर बोलतो. मागल्या खेपेला मी म्हटलं, 'अध्यक्ष, तुमचं डोकं फिरलंय का?' तर म्हणाले, 'फिरलंय रे, चहा सांग.' आता तुमाला मी असं बोलू शकतोय व्हय?"

नाही. मला तसं कुणी बोललेलं चालणार नव्हतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार. दुसरा हळूच म्हणाला, "आनि तुमी आलासा की सगळं टायमात. आमाला टायमात यायची सवय न्हाई." मी पोह्यांची बशी संपवली आणि उठले.

मग म्हटलं, शिकलेल्या लोकांकडे जावं. द पर्लमध्ये पुण्याचं एक जोडपं राहतं, दोघेही इंजिनियर. एकविसाव्या मजल्यावरून खाली बोटी दिसतात. त्यांनी माझा जाहीरनामा अक्षरशः डोक्यावर घेतला. नवरा म्हणाला, "एक्झॅक्टली! हेच हवंय. सिस्टिम हवी." बायको म्हणाली, "आणि ती भाषणं! मी तर जाणंच बंद केलंय." त्यांनी टोकनच्या मुद्द्यात तीन सुधारणा सुचवल्या आणि अंजिराचा केक खायला घातला. शेवटी एक उमेदवार मनापासून आवडलेली माणसं भेटली, या आनंदात मी म्हटलं, "मग शुक्रवारी या नक्की, मतदान चार ते सात."

"ॲक्चुअली," नवरा म्हणाला, "आमची मेंबरशिप दोन वर्षांपूर्वीच संपली. रिन्यू करायचं राहूनच गेलं."

खाली येऊन नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे ज्यांना बदल हवाय त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांना बदल नको." मी इतकी दमले होते की मला त्याच्याशी वाद घालवेना.

वहिनींच्या यादीत सातवं नाव एका शिक्षिकेचं होतं. कारण म्हणून त्यांनी एवढंच सांगितलं होतं की, अध्यक्षांनी तिचं एक काम बिघडवलं होतं. ते काय होतं हे मला तिच्या घरी गेल्यावर कळलं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा इथेच हृदयविकाराने गेला. त्याला गावी न्यायची सगळी कागदपत्रं अध्यक्षांनी केली, आणि एका अर्जावर वडिलांचं नाव चुकीचं लिहिलं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. एक अख्खा दिवस वाया गेला.

जाहीरनामा मी पर्समधून काढलाच नाही. ती स्वतःच म्हणाली, "ताई, तुम्ही असता तर ते काम एका दिवसात झालं असतं, मला माहीत आहे. ते चुकले. चूक कळल्यावर माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. पण तीन दिवस ते त्या ऑफिसच्या बाकावरून हलले नाहीत. मी बसले की तेही शेजारी बसायचे. एक शब्द बोलले नाहीत. ते, ज्यांचं भाषण थांबत नाही ते."

मग ती जरा हसली. "उपकार फेडायला मत देत नाहीये मी. पण उद्या दुसऱ्या कुणावर अशी वेळ आली तर कुणाला फोन करायचा, ते मला पाठ आहे. नवा नंबर पाठ करायची हिंमत नाही आता."

तिने मला कोकम सरबत दिलं. मी ते प्यायले आणि तिच्या मुलाच्या अभ्यासाची चौकशी करून निघाले. मेट्रोत बसल्यावर पहिल्यांदा वाटलं की आपण पडणार. वक्रा स्टेशन शेवटचं आहे हे बरं. नाहीतर त्या दिवशी मी उतरायचं विसरले असते.

घरी मुलीने विचारलं, "आई, आर यू लूजिंग?"

"मराठीत विचार."

तिने खूप विचार केला. "आई, तू पडतेस का?"

मतदानाच्या आदल्या शुक्रवारी खुद्द अध्यक्षांचा फोन आला. "ताई, तुम्ही अल रुवैसला गेल्या नाहीत ना अजून? तिथे सात मतं आहेत. मी निघालोय जुम्म्यानंतर पोचायच्या बेताने. चला बरोबर. तुमचाही प्रचार होईल."

मला आधी वाटलं टोमणा आहे. पण नवरा ड्युटीवर, गाडी त्याच्याकडे, आणि रुवैस म्हणजे पार उत्तरेचं टोक. मुलीला शेजारच्या बाईंकडे ठेवून मी अध्यक्षांच्याच गाडीत अध्यक्षांविरुद्धच्या प्रचाराला निघाले. पुढे ते आणि वहिनी, मागे मी आणि शंकरपाळ्यांचा डबा. वहिनींनी आरशातून माझ्याकडे बघून डोळा मारला.

रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू. मी सरळच विचारलं, "तुम्हाला अध्यक्ष राहायचं तरी कशाला आहे?"

"मुळीच राहायचं नाही," ते म्हणाले. "म्हणून तर फॉर्म पाठवला तुम्हाला."

"खोटं," वहिनी म्हणाल्या. "ताई, दोन दिवस फोन वाजला नाही तर हे माझ्या फोनवरून स्वतःला मिस्ड कॉल देतात. बिघडलाय की काय बघायला."

अध्यक्ष मोठ्याने हसले. मग म्हणाले, "पडलो तर वाईट वाटेल, ताई. दाखवणार नाही, पण वाटेल. कंपनीत मला तीस वर्षं सगळे नुसतं 'एसी' म्हणतात. एसी आला, एसी गेला. इथे माणसं अध्यक्ष म्हणतात." वहिनींनी मागे हात करून डब्यातले दोन शंकरपाळे काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले.

रुवैसला आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते रत्नागिरीकडचे. बंदरावर मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. नमाज आटोपून नुकतेच आले होते. त्यांच्या बायकोने हमूर माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, आणि आसपासची आणखी तीन कोकणी घरं जेवायला बोलावली होती. म्हणजे सातही मतं एका दस्तरखानावर. अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली: "या आपल्या ताई. माझ्याविरुद्ध उभ्या आहेत. फार हुशार. आधी यांचं ऐकून घ्या, मग जेवू." आणि स्वतः बाहेर जाऊन कुणाच्या तरी एसीचं फिल्टर धुवायला लागले.

मी वीस मिनिटं बोलले. नंतर लक्षात आलं, की पाच मिनिटांचा नियम मीच मोडला होता.

यजमानांनी कागद हातात घेऊन नीट वाचला. "बाय, सगळा बरोबर हाय," ते म्हणाले. "फक्त ह्यो पयला नंबर आमच्या मुळावर येतो."

"वेळेवर सुरू करणं? तो कसा?"

"शुक्रवारी बोटी येतात. जेवून परत बंदरावर जायाचं, सुटका व्हते तीन-साडेतीनला. अंघोळ करून, पोरांना घेऊन निघालो का पुढं शंभर किलोमीटर. रस लफ्फानच्या गॅस कारखान्यातली पोरं तर त्यांची बस सोडील तवा सुटायची. तुमी पाचाच्या ठोक्याला सुरू केलात तर आमी पोचणार आभार मानायला." ते हसले. "अध्यक्ष फोन करतात, 'कुठं पोचलास रे?' मी म्हणतो, 'आलो, अर्धा तास.' मग ते माइक घेऊन बोलत ऱ्हातात. आमी दारात दिसलो का भाषण खलास."

सहा वर्षं ते कॉम्प्रेसरवर बोलत होते ते कुणाची तरी वाट बघत? एवढ्यात ओले हात पुसत अध्यक्ष दारात आले. त्यांनी ऐकलं होतं.

"उगाच मला संत करू नको रे," ते म्हणाले. "ताई, निम्म्या वेळा यांच्यासाठी थांबतो. निम्म्या वेळा मलाच उशीर झालेला असतो. आणि बोलायला मला आवडतं, ते वेगळंच. यल्ला, चला, भूक लागलीय."

हे कुणालाही सांगायची त्यांना गरज नव्हती. बाकी कुणी असता तर ते संतपण गुपचूप खिशात घातलं असतं. मीही घातलं असतं. मी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि त्या क्षणी माझी निवडणूक संपली, एवढं मला कळलं. तरी हट्ट सुटला नाही. परतताना गाडीत मी म्हटलं, "त्यांना आधी कळवून सहाची वेळ लिहिता आली असती."

"आली असती," अध्यक्ष म्हणाले. "सुचलं नाही." वहिनी म्हणाल्या, "बघा! म्हणून म्हणते, पाडा."

मतदान एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. चिठ्ठीवर दोन नावं, एकापुढे फुली मारायची आणि लाडवांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मी माझ्याच नावापुढे फुली मारली. हात जरा थांबला, पण मारली. पडायचंच तर आपल्या मतासकट पडावं.

त्यांना चौऱ्याहत्तर मिळाली, मला एकोणीस.

मला वाटलं होतं मी हसून घेईन. आकडा ऐकल्यावर मात्र मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. नव्वदेक माणसांच्या हॉलमध्ये चौऱ्याहत्तर जणांना आपण नको आहोत हे कळणं सोपं नसतं, त्यामागचं कारण कितीही पटलेलं असलं तरी. मागून वहिनी आल्या. त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी तुम्हालाच दिलं हो," त्या म्हणाल्या.

"मग रडताय का? हरलो म्हणून?"

"नाही हो. मला वाटलं होतं हे पडले तर मला आनंद होईल. मोजणी चालू होती तेव्हा मीच देवाला म्हणत होते, यांना पाडू नकोस." डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आणि पडले असते तर दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात अध्यक्षपद केलं असतं. ते कुणी सोसायचं?"

एवढ्यात अध्यक्ष आले. "ताई, एकोणिसातलं एक माझं आहे बरं का. स्वतःच्या नावापुढे फुली मारणं बरं दिसेना."

म्हणजे मी, वहिनी, अध्यक्ष. उरले सोळा. गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला सहज म्हटलं, "तुझं धरून चार झाले, बाकीचे पंधरा कोण असतील रे?" तो आरशात बघायला लागला. सिग्नल हिरवा होऊनही गाडी हलली नाही.

"तू?"

"अगं, तू निवडून आली असतीस तर सगळ्या खुर्च्या मीच उचलल्या असत्या ना," तो म्हणाला. वक्रा येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. घरी पोचल्यावर बोलले, आणि बरंच बोलले.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, दुपारी, अध्यक्षांचा फोन. मागे कुठल्यातरी मशीनची घरघर चालू होती. "ताई, मी एका छतावर अडकलोय. परभणीचं एक नवं जोडपं उतरलंय, कंपनीची गाडी आलेली नाही, त्यांचे फोन इथे चालत नाहीत. विमानतळावरच्या कुणाच्या तरी फोनवरून मेसेज करतायत. तुम्हाला जमेल का?"

नाही म्हणायला माझ्याकडे एकोणीस कारणं होती. मी गाडीची किल्ली घेतली.

दोघे बाहेरच्या दाराशी सामानावर बसले होते. मुलगी बावीस-तेवीसची, स्वेटर घालून, त्या उन्हात. तिचा नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागलेला. मी त्यांना घरी आणलं, वरण-भात-लोणचं वाढलं, कंपनीला चार फोन केले. संध्याकाळी गाडी येते असं कळलं. पोटात अन्न गेल्यावर तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

"तुम्ही मंडळाच्या अध्यक्ष ना?" तिने विचारलं.

"नाही गं. मी निवडणुकीत पडलेली बाई."

दोघे एकमेकांकडे बघायला लागले. आपण चुकीच्या घरी तर आलो नाही ना, असं काहीसं. मग ती ठामपणे म्हणाली, "पुढच्या वेळी उभ्या राहा, काकू. आमची दोन मतं तुम्हाला."

मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या भातावर आणखी तूप वाढलं. "घाई करू नका," मी म्हटलं. "आधी त्यांना एकदा भेटा."